ई-क्लासचं रान

धामणगावच्या स्टेशनवर उतरून कोणत्याही दिशेनं तासभर चाललं तरी जंगल लागत नाही. लागते ती काळी जमीन. पऱ्हाटी, तूर, अलीकडे सोयाबीन. धुऱ्यावर एखादा निंब, नाल्याच्या काठानं बाभळी. जंगल म्हणावं असं काही पाहायचं तर पश्चिमेला चांदूर रेल्वे ओलांडून पोहरा-मालखेडच्या टेकड्यांत जावं लागतं. म्हणून वऱ्हाडातलं जंगल म्हटलं की लोक सरळ मेळघाटाकडं बोट दाखवतात. मेळघाट मोठाच. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत त्याचं नाव आहे. पण मी लिहितो आहे ते दुसऱ्या रानाबद्दल. त्याला फाटक नाही, पाटी नाही, पाहायला कोणी पर्यटक येत नाही. आमच्या चुली, आमच्या बंड्या, आमची ढोरं शे-दीडशे वर्षं त्याच्यावर चालली, आणि आज तलाठ्याच्या दप्तरात त्याच्यासमोर ‘पडीत’ एवढाच शब्द आहे.

हे रान आधी गावांच्या नावांत सापडतं. आमच्या भोवतालची नावं पाहा. तिवसा, म्हणजे तिवसाचं झाड. अंजनसिंगीत अंजन आहे. चांदूरकडं पळसखेड, यवतमाळच्या रस्त्यावर बाभूळगाव. निंभोरा, बोरगाव, पिंपळखुटा ही तर तालुक्या-तालुक्यात दोन-दोन. नावं ठेवणाऱ्यांना समोर जे दिसलं ते त्यांनी ठेवलं. आता तिवशात तिवसाचं झाड शोधायचं म्हटलं तर दिवस मोडेल. खुद्द धामणगावाबद्दल आमच्याकडं जुना वाद आहे. कोणी म्हणतं धामण साप, कोणी म्हणतं धामण झाड. आमच्या गावचा म्हातारा वाढई दुसऱ्या पक्षाचा होता. तो म्हणायचा, “धामण म्हंजे लाकूड व्हय बापा. सापाच्या नावानं कोन गाव बसवते?” त्याच्या म्हणण्याला आधार त्याच्या हातातच असे. कुऱ्हाडीचा दांडा धामणीचा. वाकतो, पण मोडत नाही.

या वाढयाच्या कामठ्यात बसून मी जे शिकलो ते नंतर पुस्तकांत मला तुकड्या-तुकड्यानंच भेटलं. आमच्याकडं बैलगाडीला बंडी म्हणतात. एक बंडी म्हणजे अर्धं जंगल. जू तिवसाचं, कारण ते चिवट असतं आणि बैलाची मान सोलत नाही. चाकाचा तुंबा आणि पुठ्ठे बाभळीचे, तेही पाण्यात भिजवून, मग वाळवून. जुन्या बंड्यांचा आख धावड्याचा असायचा. लोखंडी आख नंतर आले. साटा सागाचा. वर बांबूच्या कमच्या. वखराचं खोड बाभळीचं, डवऱ्याची दांडी जे हाताशी असेल त्याची. वाढई झाड पाहूनच सांगायचा की याच्यातून काय निघेल. नाल्याकाठची वाकडी बाभूळ पाहिली की थांबायचा आणि म्हणायचा, हे पुठ्ठ्याचं लाकूड, याले सरळ करू नोका. शहाण्या माणसाला जे झाड कुरूप वाटतं, त्याच्या वाकातच चाकाची गोलाई दडलेली असते, हे त्याला दिसायचं.

घराचंही तसंच. मयाल सागाचे, फाटे मिळतील त्याचे, वर कवेलू. ज्याच्याकडं सागाचे मयाल नव्हते त्याच्या घराला तुराट्या-पऱ्हाट्यांचा कूड. पळसाला आम्ही बोलताना ‘पयस’ म्हणतो, बाभळीला ‘बाभूय’. आमच्या जिभेवर ळ टिकत नाही. पयसाची पानं पत्रावळीला, आखजीला पितरांचं पान त्याच्यावरच वाढायचं. फुलं शिमग्याच्या रंगाला. मुळी ठेचून चुना मारायचा कुंचा. बिब्याचं तेल भेगाळलेल्या टाचांना. मे महिन्यात टेंभरं आणि चारं, पहिल्या पावसानंतर तरोट्याची भाजी, श्रावणात काटवलं, दिवाळीच्या मागं-पुढं सीताफळं, थंडीत बोरं. यातलं एकही कोणी पेरत नव्हतं. माझी माय या सगळ्याला ‘वरचं’ म्हणायची. शेतातलं ते घरचं, रानातलं ते वरचं. हिशेबात न धरलेलं, पण त्याच्याशिवाय वर्ष निभत नसे.

आता या रानाचा स्वभाव थोडा सांगायला पाहिजे, कारण सगळा घोळ तिथंच झाला.

आमच्याकडं पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत. मग आठ महिने जवळपास कोरडे. एवढ्या काळात झाडानं जगायचं कसं? तर पानं टाकून. साग फेब्रुवारी-मार्चपर्यंत उघडा होतो, सालई त्याच्याही आधी. पळस तर पानं टाकून वर फुलतो. एप्रिलमध्ये पोहऱ्याच्या टेकडीवर गेलेल्या परक्या माणसाला वाटेल, हे रान मेलं. मेलेलं काही नसतं. सगळा कारभार जमिनीखाली चाललेला असतो. सागाचं खोड तोडलं, पळसाचा बुंधा जाळला, तेंदूचं झुडूप ढोरांनी खाल्लं, तरी खालचं मूळ जिवंत राहतं आणि पावसाबरोबर फुटवे काढतं. आमच्या भाषेत त्याला थूट म्हणतात. थूट म्हणजे संपलेलं झाड असा अर्थ शहरात होत असेल. आमच्याकडं त्याचा अर्थ राखलं तर झाड, नाही राखलं तर सरपण. दरवर्षी तोडलेलं रान गुडघ्याएवढंच राहतं आणि पन्नास वर्षं गुडघ्याएवढंच दिसतं. कोणी येऊन पाहिलं तर म्हणेल, इथं झाडंच नाहीत, झुडपं आहेत. पण त्या झुडपाचं मूळ कदाचित त्याच्या आज्याच्या वयाचं असतं.

ही गोष्ट दूर आफ्रिकेतल्या नायजर देशात एकाला अशीच दिसली. टोनी रिनाउडो नावाचा ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ तिथं मराडी भागात वर्षानुवर्षं रोपं लावत होता आणि ती मरत होती. १९८३ च्या सुमारास त्याच्या लक्षात आलं की शेतात जी झुडपं म्हणून दिसतात ती तोडलेल्या झाडांची थुटं आहेत. मग रोपं लावणं सोडून शेतकऱ्यांनी एकेका थुटाचे दोन-तीन चांगले फुटवे राखायला सुरुवात केली आणि लाखो हेक्टर शेतांत झाडं परत उभी राहिली. त्यानं या प्रकाराला जमिनीखालचं जंगल म्हटलं. आमच्या वाढयाला हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, यात नवं काय? पण नवं होतं ते एवढंच की तिथं फुटवा राखणाऱ्यालाच त्या झाडाचा हक्क मिळाला. आमच्याकडं गाडी अडली ती याच ठिकाणी, आणि ती आज-काल अडलेली नाही.

धामणगावाहून पूर्वेकडं निघालं की पुलगावच्या अलीकडं वर्धा नदी लागते. रेल्वेच्या पुलावरून दोन मिनिटांत पार होते. या दोन मिनिटांत एक जुनी सरहद्द ओलांडली जाते, हे गाडीतल्या कोणाच्या ध्यानात येत नाही. १८०३ साली अडगावची लढाई भोसले हरले, गाविलगड पडला, आणि देवगावच्या तहात वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख त्यांनी सोडला. तो निजामाकडं गेला. पूर्वेचा नागपूरकर भोसल्यांकडं राहिला. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांकडं लावून दिलं, पुढल्याच वर्षी नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. मालक एकच झाला, पण दोन्ही काठांचे कायदे मात्र वेगवेगळे राहिले. पूर्वेला मध्य प्रांतात त्यांनी मालगुजारी ठेवली: गाव मालगुजाराचं, गावाबरोबर गावचं रानही त्याचं. पश्चिमेला वऱ्हाडात मुंबईच्या धर्तीवर रयतवारी आली: प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, शेत रयतेचं, बाकी सगळं सरकारचं.

माझी माय वर्धेपलीकडची, बाप अलीकडचा. त्यामुळं या दोन व्यवस्थांचं भांडण मी घरातच ऐकलं. माय म्हणायची, आमच्या गावात इंधनाले कोनी अडवत नोतं. मालगुजाराच्या रानातून सरपण, गवत, नांगरापुरतं लाकूड नेण्याची रीत होती; तिला निस्तार म्हणत, आणि ती वाजिब-उल-अर्जात म्हणजे गावाच्या रीतींच्या कागदात लिहून ठेवलेली असे. आबाजी, म्हणजे माझ्या बापाचे वडील, म्हणायचे, आमच्याकडं पावती. ढोर चारायची पावती, गवताची पावती, पावती नसली तर ढोर कोंडवाड्यात. मायच्या बोलण्यात तेव्हा ताठा यायचा. पण एकदा तीच बोलता बोलता म्हणाली, “मालगुजार इंधन नेऊ दे, पन वेठीले बलावे. माह्या बापानं त्याच्या वाड्याचं गवत फुकट कापलं.” त्यामुळं पलीकडचं सगळं गोड आणि अलीकडचं कडू, असं मी मानत नाही. तिकडं हक्क होता, पण माणूस मालकाच्या दारात उभा होता. इकडं माणूस मोकळा होता आणि रान बंद.

रान बंद होण्याआधी एक गोष्ट घडली होती. रानाचा मोठा भाग शेतात गेला होता. रेल्वे यायच्या आधी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवरून पाचशे मैलांवर मिर्झापूरला जायचा, तिथून गंगेनं कलकत्त्याला. नेणारे लमाण. हजार-हजार बैलांचा तांडा, आणि त्याचा खर्च काय तर वाटेवरचं गवत. या गवताला कोणी किंमत लावलेली नव्हती. गावोगावच्या रानातून तो व्यापार चरत चरत जात होता. मग १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, भाव चढले, आणि सगळ्यांचे डोळे वऱ्हाडाकडं वळले. जी. आय. पी. ची लाइन भुसावळहून अकोला, बडनेरा करत १८६७ साली नागपूरला पोहोचली. तोवर अमेरिकेतली लढाई संपली होती आणि भावही उतरले होते, पण जमीन मोडायची थांबली नाही. सर्व्हे झाला, नंबर पडले, जो सारा भरेल त्याची जमीन. काळ्या मातीतलं रान त्यात गेलं. उरलं ते बरडावर, मुरमाडावर, टेकडीच्या उतारावर.

रेल्वेनंही रान खाल्लं. रुळाखाली मैलाला सतराशे-अठराशे स्लीपर लागतात, लाकडाचे असतील तर दहा-पंधरा वर्षांनी बदलावे लागतात. शिवाय त्या काळात देशात कितीतरी ठिकाणी इंजिनंच लाकडावर चालत. धामणगाव स्टेशन झालं आणि यवतमाळकडचा कापूस बंड्यांनी इथं उतरायला लागला. जिनं आली, प्रेस आले. आबाजींच्या लहानपणी यवतमाळच्या रस्त्यावर बंड्यांची रांग रात्रभर हलत असे. घुंगरांचा आवाज बंद पडला तर माणसं जागी होत, असं ते सांगायचे. येताना कापूस, परतताना मीठ, कापड, रॉकेल. जिनांच्या बॉयलरांना बाभळीचं लाकूड लागायचं, ते देणारे वेगळे ठेकेदार. आमच्या नाल्याची बाभूळ मोठी होऊच शकली नाही, याचं कारण आबाजी नेहमी एका वाक्यात सांगायचे: “जिनाच्या धुरात गेली.”

मग सरकारला रान वाचवायची आठवण झाली. १८८६ साली वऱ्हाडचा वेगळा जंगल कायदा झाला. रानाचे वर्ग पाडले: ए-क्लास लाकूड आणि इंधनासाठी, बी-क्लास गवतासाठी, सी-क्लास चराईसाठी. गवताचे रमने राखले, बाभुळबनं राखली. कागदावर हे शहाणपणाचंच दिसतं, आणि काही ठिकाणी त्यानं रान टिकलंही; पोहऱ्याची टेकाडं आज उभी आहेत ती राखीव झाली म्हणून, हे मान्य करायला पाहिजे. पण रानाचा स्वभाव असा वर्गात बसणारा नव्हता. ज्या सागाखाली गवत त्याच गवतात तेंदू, त्याच तेंदूखाली ढोर, आणि ढोराच्या शेणावर शेत. माणसं एकाच फेरीत लाकूड, पाला, डिंक आणि ढोराचा चारा आणत. वर्ग पाडल्यावर प्रत्येक गोष्टीची वेगळी पावती झाली, आणि जो पावती काढू शकत नाही तो चोर झाला. लक्ष्मण सत्य या इतिहासकारानं वऱ्हाडच्या कापसावर आणि दुष्काळावर, पुढं इथल्या गुराढोरांवर इंग्रजीत पुस्तकं लिहिली आहेत. चराई आखडली आणि ढोर खंगलं, असा त्यांचा एकूण रोख आहे. मला ते वाचताना आबाजींचीच बोलणी ऐकल्यासारखं वाटलं. कपाशीला सरकी आणि पऱ्हाटी आहे, पण ज्वारीसारखा कडबा नाही. शेतात कपाशी वाढली आणि रानात चराई कमी झाली, म्हणजे बैल दोन्हीकडून उपाशी.

१८९९-१९०० च्या दुष्काळात याचा हिशेब झाला. राखीव रान चराईला मोकळं केलं गेलं, पण तोवर गवत कुठं होतं? आमच्या घरची सात ढोरं त्या साली गेली, ही आकडेवारी आमच्या घरात तोंडोतोंड आली आहे. सातांची नावंसुद्धा आजीला पाठ होती.

पुढं १९३० साली गांधीजींनी मीठ उचललं तेव्हा आमच्याकडं समुद्र नव्हता. वऱ्हाड-मध्य प्रांतातल्या लोकांनी काय मोडावं? तर जंगलचा कायदा. लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदच्या राखीव रानात गवत कापलं आणि शिक्षा घेतली. शाळेत आम्हाला हा धडा होता, पण गवतच का, हे कोणी सांगितलं नाही. पुसदच्या, यवतमाळच्या, आमच्या भागातल्या माणसाला ते सांगायची गरज नव्हती. त्याच्या आयुष्यात सरकार रोज भेटायचं ते गवताच्या पेंढीवरच.

पारध्यांचं सांगितल्याशिवाय या रानाची गोष्ट पुरी होत नाही. फासेपारध्यांचे बेडे आमच्या भागात पुष्कळ. तित्तर, ससा, हरीण कुठं बसतं, कोणत्या गवतात कधी अंडी असतात, हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नसे. १८७१ च्या कायद्यानं अशा जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवायची सोय केली. तो कायदा १९५२ साली गेला, शिक्का गेला नाही. १९७२ ला वन्यजीवांचा कायदा आला आणि शिकारही गेली. कायदा गरजेचा होता, त्यावर माझा वाद नाही. पण गवताळ रानातल्या जनावरांची नोंद ठेवायला ज्यांना पहिल्यांदा बोलवायला पाहिजे होतं त्यांना गावाबाहेर हाकलून आपण हरणं मोजत बसलो. आता रोह्यांचे आणि रानडुकरांचे कळप सोयाबीनमध्ये घुसतात, रात्र-रात्र माणूस मचाणावर बसतो, आणि रान व शेत यांच्यामधला जो माणूस जनावर ओळखत होता तो शहराच्या सिग्नलवर उभा आहे.

स्वातंत्र्यानंतर नदीपलीकडची मालगुजारी गेली, १९५१ साली. मालगुजारांची रानं सरकारजमा झाली. तिथल्या दप्तरात ज्या जमिनीवर मोठी झाडं नव्हती, खुरटी रोपटी होती, तिच्यासमोर ‘झुडपी जंगल’ असं लिहिलं गेलं. आमच्या काठावर तशाच जमिनीसमोर ‘ई-क्लास’. वर्गांची जुनी मुळाक्षरं ज्यांनी पाडली ते गेले, अक्षर राहिलं. आमच्या गावातल्या अडाणी म्हातारीलासुद्धा एवढं एक इंग्रजी अक्षर येतं: “बकऱ्या कोठी हायेत?” “ई-क्लासात.”

आता गंमत पाहा. झुडपी जंगल म्हणजे जंगल की नाही, यावर पन्नास वर्षं कागद फिरले. १९८० चा वनसंवर्धन कायदा आला, १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं जंगल या शब्दाचा अर्थ रुंद केला, आणि २२ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयानं सांगितलं की पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांची झुडपी जंगलं ही जंगलंच आहेत. सुमारे शहाऐंशी हजार हेक्टर. निकाल देणारे तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई आमच्या अमरावतीचे. त्या सहा जिल्ह्यांत वर्धा आहे, अमरावती नाही. म्हणजे माझ्या मामाच्या गावची बोराटी आज जंगल आहे आणि तिच्यापासून कोसा-दोन कोसांवर, नदीच्या अलीकडं, आमची बोराटी पडीत आहे. बी तेच, माती तीच, दोन्हीकडचे तित्तर नदी ओलांडून जातात-येतात. फरक फक्त १८०३ च्या तहाचा.

पलीकडचेही या निकालानं सगळे खूश नाहीत, हेही सांगतो. झुडपी जंगलावर कुठं शाळा आहे, कुठं स्मशान, कुठं गरिबांची घरं. जुन्याला न्यायालयानं सांभाळून घेतलं, पण नवीन काही करायचं तर वरची परवानगी. मामेभाऊ म्हणतो, तुमच्याकडं बरं, ग्रामपंचायत ठरवते. मी म्हणतो, तेच तर भेव हाये.

कारण आमच्याकडं ई-क्लास जातं ते हळूहळू. एका बाजूनं शेजारचा धुरा दरसाल हातभर पुढं सरकतो. दुसऱ्या बाजूनं मुरमाची खदान. ऐंशीच्या दशकात सामाजिक वनीकरण आलं, सुबाभूळ लावली गेली. बकऱ्यांनी खाल्ली, जी उरली ती बेसुमार माजली. वेडी बाभूळ, रायमुनिया, गाजरगवत आपापल्या पायांनी आले. मारवेल, पवना ही गवतं मागं सरली. पूर्वी तिखाडीच्या वासानं संध्याकाळ कळायची, ती आता एका कोपऱ्यात राहिली आहे. आणि घरातही गरज बदलली. गॅस आला, कवेलूंच्या जागी टिनं, बंडीच्या जागी ट्रॅक्टर. बैल ठेवणारी गावात बोटांवर मोजण्याएवढी घरं. बायकांच्या डोक्यावरचा इंधनाचा भारा उतरला, याच्याइतकी चांगली गोष्ट नाही. माझ्या मायची मान त्या भाऱ्यानं कायमची वाकलेली मी पाहिली आहे. तरी सिलिंडर दुसऱ्यांदा भरायला पैसे नसले की अर्धं गाव आजही पऱ्हाट्या आणि बोराटीवरच येतं.

याच वऱ्हाडात दुसरा रस्ताही निघाला आहे. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर या गावानं २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ साली आपल्या रानाचा सामूहिक हक्क मिळवला. उजाड टेकडी होती. गावानं चराईला शिस्त लावली, पाणी अडवलं, थुटं राखली, सीताफळं सांभाळली, आणि ती सीताफळं मुंबईपर्यंत विकली. तेंदूपत्त्याचा व्यापार राज्यानं १९६९ च्या कायद्यानं आपल्या हाती घेतला होता; हक्क मिळालेल्या काही ग्रामसभा आता तो लिलाव स्वतः करतात. पण तो कायदा वनजमिनीला लागतो. आमचं ई-क्लास महसुलाचं. त्याला जंगल म्हणून हक्कही नाही आणि जंगल म्हणून संरक्षणही नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या ग्रामसभेत त्याच जमिनीचा विषय निघाला. चाळीस-एक एकर आहे, सलग. तिच्यावर सौर पॅनेल बसवायची मागणी आली होती. बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं: शेताला दिवसा वीज मिळेल, रात्री दोन वाजता मोटर चालू करायला सापाच्या तोंडी जावं लागणार नाही, पंचायतीला भाडं येईल. पोरं म्हणाली, तिथं हाये तरी काय, काटेच तं हायेत. सभा जवळपास त्यांच्या बाजूला झुकली होती. तेव्हा मागच्या भिंतीला टेकून बसलेली एक बाई उठली. तिच्याकडं बावीस बकऱ्या, शेत नाही. ती एवढंच म्हणाली, “थे काचं लावले का मंग माह्या बकऱ्या काय वारा खातीन?”

हसू झालं, पण सरपंचाला कागदावर उत्तर लिहिता येईना. शेवटी ठरलं की आधी यादी करायची: त्या चाळीस एकरांवर कोण काय करतं. चार पोरांना आणि मला ते काम दिलं. आम्ही आठ दिवस फिरलो. एकशे चाळीसच्या वर बकऱ्या, अकरा घरांच्या. उन्हाळ्यात गायी किती, सरपण नेणारी घरं किती, सीताफळं विकून शाळेची फी भरणारी दोन घरं, चारोळीची सहा झाडं, बिब्याची तीन, मधाचं एक पोळं दर साली त्याच अंजनावर. थुटंही मोजली, एका एकरात, दोरी लावून: सागाची एकवीस, पळसाची मोजता आली नाहीत. यादीत नाव सांगायला पारधी बेड्यावरचा एक म्हातारा आला. त्यानं तित्तराच्या बसायच्या जागा दाखवल्या आणि त्या कागदावर लिहू नका असं बजावलं. आम्ही लिहिल्या नाहीत.

यादी साडेतीन पानांची झाली. ती वाचल्यावर सभेत पुन्हा दोन बाजू पडल्या, मात्र ‘तिथं आहे तरी काय’ हे वाक्य कोणी बोललं नाही. अर्ध्या जमिनीवर पॅनेल आणि अर्धी राखायची, असाही एक मुद्दा आला. कोणती अर्धी, यावर अडला. ठराव पुढच्या सभेवर गेला आहे. यादी ग्रामपंचायतीच्या फायलीत लावली. त्या बकऱ्यावाल्या बाईनं ती दोनदा वाचून घेतली आणि काटवलं राहिली म्हणून खाली जोडायला लावली.